शेवटच्या नंबरचा मुलगा

"शंभर टक्के सांगतो, यंदा आपल्या शाळेत एकही मूल परीक्षेच्या भीतीने मागे राहणार नाही," असं टक्केसरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा भूगोलाचे सर डबा उघडत होते आणि इतिहासाच्या बाई चष्मा पुसत होत्या. कोणी मान वर केली नाही. टक्केसरांच्या शंभर टक्क्यांतले तीसेक टक्के वजा करून ऐकायचं असतं, हे तिथे सगळ्यांना सवयीने माहीत होतं. टक्केसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण हा माणूस गणित शिकवायचा तो शिकवायचाच, वर घरी जाऊन बायकोलाही "आज भाजीत मीठ दहा टक्के जास्त आहे" असं ऐकवायचा. बायको म्हणायची, "मग दहा टक्के कमी जेवा." अशा माणसाला दुसरं कुठलं नाव पडणार!

बेत मात्र खरोखरच पक्का होता. आजवर त्या शाळेत वार्षिक परीक्षा म्हणजेच सगळं काही. वर्षभर मूल काय करतं, काय विचारतं, कुणाला समजावून सांगतं, याची दखल कुठेच नाही. त्या तीन तासांत हात चालला तर तरलात, नाही तर गेलात. टक्केसरांनी नवी मांडणी केली. लेखी परीक्षेला चाळीस टक्के, वर्गातल्या सहभागाला चाळीस, आणि वर्षभराच्या कामाला वीस. श्रेणी द्यायची ती इतरांच्या तुलनेत. वर्गातल्या वरच्या ठरावीक मुलांना 'अ', आणि 'अ' मिळेल त्यालाच पुढच्या वर्षी विज्ञानाच्या तुकडीत जागा.

यामागे शिक्षणाविषयीचा कळवळा होता का? होता. पण त्याहून मोठं कारण टक्केसरांच्या घरीच राहत होतं. त्यांची भाची. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण ती घरात कुठे आहे हे सहसा कळत नसे. बहिणीने तिला शाळेसाठी दादाकडे ठेवलं होतं, आणि टक्केसरांना स्वतःचं मूल नव्हतं. मुंगी आली तेव्हापासून त्यांच्या घरात संध्याकाळ झाल्यासारखी वाटायला लागली होती, नाही तर आधी नुसता अंधार पडायचा. पोरगी हुशार. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मामाच्या अवघड गणितांचा फडशा पाडायची. पण परीक्षेत पहिलं पान लिहिलं की तिचा हात थांबायचा. थांबला की थांबला. आणि बहिणीने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "दादा, विज्ञानात गेली तर राहू दे तुझ्याकडे. नाही तर मी घेऊन जाते. माझंही घर रिकामंच आहे."

तेव्हा परीक्षेचं वजन शंभरावरून चाळिसावर आणणं भागच होतं.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी बैठकीत योजना ऐकून घेतली आणि एकच शंका काढली. "सहभागाचे गुण शिक्षक देणार. पण सर, वर्गात इतकी मुलं. प्रत्येक मूल शिक्षकाला खरंच माहीत असतं का?"

आता भर बैठकीत "नाही" कोण म्हणेल? भूगोलाचे सर म्हणाले, "मी तर चालीवरून मुलं ओळखतो." इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "मी खोकल्यावरून." खेळाचे सर म्हणाले की ते पाठमोऱ्या सावलीवरून सांगू शकतात. मोठ्या बाईंनी प्रत्येकाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आधी चालवून दाखवा. एक जरी मूल चुकीचं मोजलं गेलं तर पुन्हा जुनी पद्धत, शंभर टक्के परीक्षा."

चालवून दाखवायचं म्हणजे कुणाचे तरी गुण घेऊन दाखवायचे. खऱ्या मुलाचे घेतले तर त्याचे आईबाप दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून टक्केसरांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आपल्याच वर्गाच्या यादीत, शेवटच्या नंबरवर एक मुलगा चढवला. नुसता नमुन्यादाखल. नाव इतकं साधं टाकलं की वाचलं रे वाचलं की विसरायला व्हावं. गुण सगळे मधले. गणित बसलं, बाईंनी मान डोलावली, पालकांना परिपत्रक गेलं. टक्केसर खुशीत मुलाचं नाव काढून टाकायला ऑफिसात गेले.

ऑफिसात शिक्केबाई होत्या. शिक्का मारल्याशिवाय त्या स्वतःच्या चहावरसुद्धा विश्वास ठेवत नसत.

"दाखला?" त्यांनी विचारलं.

"अहो, दाखला कसला? असा मुलगाच नाही."

"मग नाव कसं चढलं?"

"मी चढवलं."

"चढवताना मला विचारलंत का? नाव शिक्षकाने सांगितलं की चढतं. उतरतं ते दाखल्याने. पालकाचा अर्ज, पालकाची सही, मोठ्या बाईंचा शिक्का."

"त्याला पालकच नाहीत."

शिक्केबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. "अरेरे," त्या म्हणाल्या. "मग तर पोराला मुळीच काढता यायचं नाही."

टक्केसरांनी विचार केला, राहू दे. शिक्षक सहभागाचे गुण भरायला बसतील तेव्हा या नंबरापुढचा रकाना आपोआप कोरा राहील, आणि कोरा मुलगा निकालातून गळेल.

पण एकही रकाना कोरा आला नाही. भूगोलातून निम्मे गुण आले. विज्ञानातून निम्म्याहून थोडे जास्त. टक्केसर मनातल्या मनात हसले. बैठकीत चालीवरून आणि खोकल्यावरून मुलं ओळखणारे लोक. "हा कोण?" म्हणून विचारायची सोय कुणाला उरली होती? पण इतिहासातून चाळीसपैकी छत्तीस आले, तेव्हा त्यांच्याने राहवेना.

"बाई, हा शेवटच्या नंबरचा मुलगा," ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "जरा जास्तच नाही का दिलेत?"

"उलट कमीच," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "शांत आहे हो. पण परवा मी विचारलं, की लढाई हरल्यावर सैनिकांचं पुढे काय होतं? सगळा वर्ग गप्प. हाच म्हणाला, ते घरी जातात आणि घर ओळखत नाही त्यांना. मी दोन मिनिटं खडू हातात घेऊन उभीच राहिले."

"आवाज कसा आहे त्याचा?"

बाईंनी आठवून पाहिलं. "आवाज नाही आठवत," त्या म्हणाल्या. "वाक्य आठवतं."

खेळाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "पळतो बरा. पायांचा आवाज होत नाही, तेवढं एक आहे."

टक्केसरांना मानेवरून काहीतरी गार सरकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी स्वतःची समजूत काढली, की ही सगळी माणसं एकमेकांपुढे थापा मारताहेत आणि आता आपल्याच थापा त्यांना आठवणी वाटू लागल्या आहेत. माणसाचं असं होतं. लग्नातल्या गोष्टी सांगताना तर हमखास होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात हजेरी घेत होते. नंबर पुकारत खाली खाली येत, सवयीने, छापलेला होता म्हणून, शेवटचा नंबरही पुकारला गेला. चूक लक्षात येऊन ते हजेरी मिटणार इतक्यात मागच्या बाजूने आवाज आला.

"हजर, सर."

हळू आवाज होता. टक्केसरांनी वर पाहिलं. सगळी मुलं वहीत मान घालून बसलेली. कोणी मागे वळून पाहत नव्हतं. खोडी असती तर कुणी ना कुणी फिस्सकन हसलंच असतं. शाळेतली खोडी हसण्यावाचून पुरी होत नाही, हे तीसेक वर्षं फळ्यासमोर काढलेल्या माणसाला कळतं. कोणी हसलं नाही. मुंगी भिंतीकडच्या बाकावर एका कडेला बसली होती, बाकाची दुसरी बाजू मोकळी होती, आणि त्या मोकळ्या बाजूवर उन्हाची तिरीप पडली होती. टक्केसरांनी हजेरी मिटली. त्या तासाला त्यांनी फळ्यावर सात आणि आठ मिळून सोळा लिहिले, आणि ते कुणी दाखवूनही दिलं नाही.

खरं सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे. मोठ्या बाईंच्या दारापर्यंत ते जातही. पण आत जाऊन म्हणायचं काय? की नसलेल्या मुलाला सगळ्या शिक्षकांनी मिळून वर्गातला सहभाग दिला? मग बाई दुसऱ्याच क्षणी शंभर टक्के परीक्षा पुन्हा आणणार. मुंगी पहिलं पान लिहून थांबणार. आणि मग बहीण रिकामी बॅग घेऊन येणार. टक्केसर दारावरूनच परत फिरत.

वार्षिक परीक्षा आली. शिक्केबाईंनी यादीतल्या प्रत्येकाचा आसन क्रमांक बाकावर चिकटवला, शेवटच्या नंबरचासुद्धा. बाक दोघांचे. तो मुंगीच्या शेजारी आला. सुपरवायझर चिकटवलेल्या प्रत्येक क्रमांकापुढे एकेक उत्तरपत्रिका ठेवत गेले आणि वेळ संपल्यावर एकेक उचलत गेले. इकडे टक्केसर स्टाफरूममध्ये स्वतःशी म्हणत होते, चला, आता तरी सुटलो. लेखीत पडतील भोपळे, आणि चाळीस टक्क्यांच्या भोपळ्यांनी हा मुलगा तळाला जाईल.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर गणिताचा गठ्ठा सोडून ते तपासायला बसले. मुंगीची उत्तरपत्रिका आली. पहिलं पान भरलेलं, बिनचूक. पुढची सगळी पानं कोरी. टक्केसर त्या कोऱ्या पानांवरून उगीच हात फिरवत राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि चाळीस टक्केच आहे, चाळीसच टक्के, असं ते स्वतःला समजावत होते.

त्याखालची उत्तरपत्रिका शेवटच्या नंबरची होती. ती कोरी नव्हती.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भरली होती. एक गणित तर पुस्तकातल्यापेक्षा छोट्या वाटेने सोडवलेलं. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, त्या आवाजाचा त्यांना एरवी राग येई, आज आधार वाटला. मग त्यांना उत्तरं दिसली. प्रत्येक उत्तराभोवती चौकट, आणि प्रत्येक चौकटीचा उजवीकडचा खालचा कोपरा उघडा.

अशी चौकट जगात एकच मुलगी काढत होती. ती लहान असताना त्यांनी विचारलंही होतं, कोपरा का सोडतेस गं? ती म्हणाली होती, "दार ठेवते, मामा. उत्तर चुकलं तर त्याला बाहेर जाता यायला हवं."

मुंगीला त्यांनी टेबलापाशी बोलावलं. पेपर पुढे सरकवला.

"माझं नाव वरती लिहिलं ना, मामा, की हात गार पडतो," ती म्हणाली. "पहिलं पान होतं कसंबसं. मग वाटतं, आई बघते आहे, तू बघतो आहेस, मामी देवापाशी बसली आहे. त्याच्या पेपरावर त्याचं नाव. त्याला कोणीच बघत नाही. हात चालायला लागला."

"वेडे," टक्केसर म्हणाले. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की ते जवळजवळ हसलेच. म्हणजे भूत नाही, भानगड नाही. ही आपलीच पोर.

"पण मामा, बाकीचे पेपर..."

"बाकीचं एक अक्षर बोलायचं नाही," टक्केसर तिच्यावर खेकसले. "दुसऱ्याचा पेपर लिहिला म्हणून तुलाच शाळेतून काढतील. कुणाला सांगितलंस तर बघ. मामीलासुद्धा नाही."

मुंगी गप्प बसली. गप्प बसायला तिला सांगावं लागत नसे. आणि टक्केसरांनी शेवटच्या नंबरच्या पेपरवर पैकीच्या पैकी गुण मांडले. कमी द्यायला ते धजले नाहीत. भाचीच्या हातचं गणित होतं.

त्या पैकीच्या पैकी गुणांनीच घात केला. सगळ्या विषयांची बेरीज झाली, वजनं लावली, मुलं वरपासून खाली ओळीने लागली. 'अ' श्रेणीत शेवटची जागा मिळाली शेवटच्या नंबरच्या मुलाला. त्याच्या लगेच खाली, अर्ध्या गुणाने, 'ब' श्रेणीत पहिली, मुंगी.

टक्केसरांनी तीनदा बेरीज केली. शेवटी कागदावर डोकं टेकलं. पोरीने स्वतःच स्वतःला मागे टाकलं होतं, आणि तिला ढकलायला त्यांनी माणूस तयार करून दिला होता. गप्प राहिलो तर मुंगी गेली. बोललो तर पद्धत गेली आणि तिच्याबरोबर मुंगीही गेली. गणिताच्या माणसाला दोन्हीकडून सारखंच उत्तर येणं फार जिव्हारी लागतं. त्यात त्यांनी कमी लाजिरवाणं काय ते पाहिलं, आणि मोठ्या बाईंच्या दारावरून या वेळी परत न फिरता सरळ आत गेले.

सगळं सांगितलं. मोठ्या बाई पापणी न हलवता ऐकत होत्या.

"मुलगाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मग पेपर कोणी लिहिले?"

"मी," टक्केसर म्हणाले. आयुष्यातली ही त्यांची पहिली मोठी थाप, आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही. "योजना पुरती तपासायची होती, म्हणून मीच लिहिले."

बाईंनी कपाटातून गठ्ठा काढून एक उत्तरपत्रिका समोर धरली. "इतिहाससुद्धा?"

"हो."

"तुम्हाला इतिहास इतका कळत असेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अक्षर मात्र सुंदर काढलंत. मी आजवर असं अक्षर पाहिलं नाही."

मुंगीचं अक्षर नावाप्रमाणे होतं, शाईत पाय बुडवून मुंग्या पळाव्यात तसं. पण टक्केसर त्या वेळी नोकरीच्या काळजीत होते. त्यांनी मान खाली घातली होती, आणि समोरचा पेपर त्यांनी पाहिलाच नाही.

बाई खिडकीपाशी गेल्या. परिपत्रक पालकांना गेलं होतं. निकाल दुसऱ्या दिवशी होता. "आता पद्धत मागे घेतली तर मला कारण सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "काय सांगू? माझ्या शाळेत रिकाम्या बाकालासुद्धा सहभागाचे गुण मिळतात? ते नको. निकालाच्या आधी हा मुलगा शाळा सोडून जाऊ दे. दाखला काढा. शिक्का मी मारते. पुढच्या वर्षी सहभागाचं काय करायचं ते मी बघेन, आणि तुमच्याकडेही बघेन."

शिक्केबाईंनी दाखल्याचा अर्ज पुढे केला. "पालकाची सही," त्या म्हणाल्या.

"अहो, मी सांगितलं ना..."

"सहीशिवाय मी शिक्का उचलत नाही. मोठ्या बाई आल्या तरी नाही."

टक्केसरांनी पेन घेतलं आणि पालक या शब्दापुढे स्वतःची सही ठोकली. नातं? त्यांनी दोन क्षण विचार केला आणि हाताला सवय होती ते लिहून मोकळे झाले, मामा. शिक्का खाडकन बसला. ऑफिसात पंखा बंद होता, खिडकी बंद होती, तरी टक्केसरांच्या बाहीला कुणीतरी हलकेच धरल्यासारखं झालं. त्यांनी हात झटकला आणि घाईघाईने बाहेर पडले.

निकाल लागला. शेवटच्या नंबरचा मुलगा गेला तशी खालची सगळी मुलं एकेक पायरी वर सरकली, आणि 'अ' श्रेणीच्या शेवटच्या ओळीत मुंगीचं नाव आलं. टक्केसर दुपारी जवळजवळ धावतच घरी आले. मुंगी रडली. बायकोने पदर डोळ्यांना लावला. बहिणीला फोन झाला. ती म्हणाली, "बरं. राहू दे तुझ्याकडे. पण सुट्टीत पाठवायची." टक्केसरांना वाटलं, आता या घरातून कुणी कुठे जायचं नाही.

जेवायला बसता बसता, आनंद अनावर होऊन, त्यांनी बायकोलाही सगळं सांगून टाकलं. नमुन्याचा मुलगा, दाखला, पालकाची सही, सगळं. "आणि ही पोर," ते मुंगीचा गाल ओढत म्हणाले, "हिने त्याचे सगळेच्या सगळे पेपर लिहिले. वर स्वतःचेही. तीन तासांत दोन पेपर. कमाल आहे हिची."

"सगळे नाही, मामा," मुंगी म्हणाली. "तेच तर तुला त्या दिवशी सांगत होते. मी फक्त गणिताचा लिहिला. त्याला गणित येत नाही, नुसता बसून होता बिचारा. बाकीचे त्याचे त्यानेच लिहिले."

टक्केसरांचा हात गालावरच राहिला. मुंगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि एक ताट घेऊन आली. टेबलावर तीन ताटं आधीच होती. तिने चौथं आपल्या शेजारी मांडलं.

"हे कोणाचं?" टक्केसरांनी विचारलं.

"असं काय विचारता?" बायको म्हणाली. तिने वाढायला घेतलंही होतं. "शाळेतून नाव काढलंत. पालक म्हणून सही तुमची. मग आता तो जाणार कुठे?"

टक्केसरांनी त्या ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकही टक्का सुचेना. "जेवतो तरी किती?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"थोडंसंच," बायको भात सारखा करत म्हणाली. "पण ताटात काही टाकत नाही. परीक्षेपासून बघतेय ना मी."

टक्केसरांनी मुकाट्याने आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली.